दगडी पेटीच्या कबरीची डागडुजी

ब्रिटिशकालीन दफनभूमीतली पेटी-कबर म्हणजे चार कोरीव फरशा आणि वर जाड शिळा. रूप रोमन सार्कोफॅगसचं. फरक एवढाच की सार्कोफॅगसमध्ये शव पेटीतच ठेवत. इथे ते खाली जमिनीत असतं आणि पेटी पोकळ किंवा विटा-डबराने भरलेली असते.

आधी दफनभूमीच्या समितीची लेखी परवानगी घ्या. कबर संरक्षित स्मारकात असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. मग चारही बाजूंचे फोटो काढा. पुसट अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ चोळू नका. टॉर्च तिरका धरला की उठून दिसतात.

दगड ओळखा. नागपूरजवळच्या कामठीचा वालुकाश्म बोट फिरवलं तरी कण सोडत असेल, तर तिथे ब्रशसुद्धा नको. संगमरवर असेल तर फरशी धुवायचं ॲसिड अजिबात नको, ते दगडच विरघळवतं. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, शेवाळाला लाकडी पट्टी. तारेचा ब्रश नाही. खालून वर घासत जा आणि घासण्याआधी खालचा दगड ओला ठेवा, म्हणजे ओघळांचे डाग बसत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने होतं. सिमेंटच्या सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगडातूनच निघते. सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि कोरीव नक्षी पापुद्र्यांसारखी सुटते. म्हणून सिमेंट हातछिन्नीने काढा, ग्राइंडर नको, कडा खातो. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करून पाण्याने भिजवा. एक भाग मळलेला चुना, तीन भाग चाळलेली कन्हान नदीची रेती. घट्ट दाबून भरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. मे महिन्याच्या उन्हात चुना बसण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो.

कोपरे फुटलेले दिसले तर आत बहुधा फरशा जोडणारी लोखंडी आकडी आहे. गंजून फुगते, दगड चिरते. तिच्या जागी ३१६ प्रतीची स्टेनलेस आकडी लावा. त्यासाठी शिळा उचलावी लागते: सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड शिळा पावणेचारशे किलोच्या वर भरते. चेनपुली आणि अनुभवी पाथरवट नसेल तर हात लावू नका.

पिंपळाचं मूळ ओढू नका. फरशी सोबत येते. बुंध्याशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा, मूळ मेल्यावरच सांधा भरा.