तरुणांच्या हाती कॅमेरा देताय? या चुका टाळा

फोटोव्हॉइस म्हणजे लोकांच्याच हाती कॅमेरा देऊन, त्यांच्या फोटोंतून आणि बोलण्यातून त्यांचं जगणं समजून घेण्याची संशोधनपद्धत. असा प्रकल्प बहुतेक वेळा बिघडतो तो फोटो निवडताना. वस्तीतली मुलंमुली ढीगभर फोटो आणतात आणि अहवालासाठी संशोधक त्यातला नाला, कचरा, पाण्याची रांग तेवढी उचलतो. कॅरमचा अड्डा, मैत्रिणीची नवी सायकल मागे राहते. म्हणजे कॅमेरा त्यांचा, नजर मात्र आपलीच! संशोधक कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९७मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा फोटो निवडणं, त्यामागची गोष्ट सांगणं आणि त्यातून विषय काढणं ही तिन्ही कामं फोटो काढणाऱ्यांचीच मानली होती. तेव्हा ज्याचे फोटो त्यालाच निवडू द्या, गटात बोलू द्या, फोटोखालच्या ओळी त्यांच्याच बोलीत ठेवा. गटचर्चेला वेळ नसेल तर कॅमेरे वाटूच नका. आणि एक प्रश्न जरूर विचारा: कोणता फोटो काढायचा होता, पण काढता आला नाही? मुलींकडून याचं जे उत्तर मिळतं, ते कित्येकदा काढलेल्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

"समस्यांचे फोटो काढा" असं सांगू नका, समस्याच येतील. "तुमचा दिवस दाखवा" म्हणा.

संमतीपत्रावर एकदा सही घेतली की झालं, ही चूक सर्वात महागात पडते. फोटो काढणं, अभ्यासात वापरणं आणि प्रदर्शनात लावणं, तिन्हींची संमती वेगवेगळी घ्या. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची हवीच, पण मुलाचा स्वतःचा होकारही हवा. फोटोत दिसणाऱ्या माणसालाही विचारायचं असतं. नाक्यावरच्या बेकायदा धंद्याचा फोटो काढला तर मार त्या पोराला पडेल, तुम्हाला नाही. म्हणून "नको" म्हणणाऱ्यापुढे काय करायचं, याचा आधी सराव घ्या. हात, पाठ, सावली, वस्तू यांतूनही गोष्ट सांगता येते, हे दाखवा.

चेहरा धूसर करून भागत नाही. गणवेश, दुकानाची पाटी ओळख सांगते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीदरम्यान ठेवतात तिथे) काम करत असाल तर बालन्याय कायदा, २०१५चं कलम ७४ आधी वाचा. तिथल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे.

प्रदर्शन फक्त विद्यापीठाच्या सभागृहात भरवू नका. वँग आणि बरिस यांच्या प्रकल्पात चीनच्या युन्नान प्रांतातल्या ६२ ग्रामीण महिलांचे फोटो धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत नेले गेले होते. तुमच्याकडे वॉर्ड ऑफिसर, नगरसेवक, मुख्याध्यापक यांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. प्रदर्शनाआधी फोटो वस्तीत दाखवा आणि प्रत्येकाला त्याच्या फोटोंच्या प्रती द्या.