आधी पाडलं, मग विचारलं: जुन्या वास्तूंजवळच्या दुरुस्तीत या चुका टाळा

मी जुनी घरं दुरुस्त करतो. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. धाबं (घराचं मातीचं सपाट छत) गळतंय, मृगाआधी उरकायचंय, आणि घर किल्ल्याला किंवा जुन्या देवळाला लागून. आपल्या खानदेशातला पारोळ्याचा भुईकोट, थाळनेरच्या फारुकी कबरी, बळसाण्याची देवळं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर या सगळ्या केंद्र संरक्षित वास्तू. त्यांचे नियम आजूबाजूच्या घरांनाही लागतात, हे लोकांना नोटीस आल्यावर कळतं.

संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. मूळ कायदा १९५८ चा, २०१० च्या दुरुस्तीने कडक झालेला. मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असलं पाहिजे आणि आधी परवानगी हवी. इथेच लोक सगळ्यात मोठी चूक करतात: पुरावाच पाडून टाकतात.

एका काकांचं घर कोटापासून सत्तर-ऐंशी मीटरवर. मुलगा पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आला, जेसीबी लावला आणि दोन दिवसांत आजोबांच्या वेळचं घर भुईसपाट. कॉलम उभे राहिले आणि नोटीस आली, तेव्हा मला बोलावलं. घर जुनं होतं याला आधार काय, असं विचारल्यावर काकूंनी पेटीतून १९८६ ची घरपट्टीची पावती काढली. तिच्यावर लिहिलं होतं ‘धाब्याचे घर, दोन खण’, खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. समोर उभे होते तीन खणांचे कॉलम, वर जिन्यासाठी सोडलेल्या सळया. जुनी उंची किती, भिंत कुठवर, हे दाखवायला एक फोटोही नव्हता. त्या माणसांनी दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. मुलगा वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती. पण अशा घाईने मी गावंच्या गावं विद्रूप झालेली पाहिली आहेत.

म्हणून मी एक वीटही हलवण्याआधी चारही बाजूंनी टेप धरून फोटो काढतो. खण मोजतो, भिंतींची जाडी लिहून ठेवतो, मिळकत पत्रिका आणि जुन्या पावत्या जोडतो. मग अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायचा, तिथे दोन महिने, परत आल्यावर निर्णयाला एक महिना. ही कायद्यातली मुदत झाली. त्यामुळे आखाजीला अर्ज आणि मृगाआधी काम ही आशा सोडा. अर्ज दिवाळीतच द्या.

अंतर बुरुजापासून मोजू नका. ते संरक्षित हद्दीपासून मोजतात, आणि हद्द नकाशात बघावी लागते.

नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी पुरत नाही.

वास्तू राज्य संरक्षित असेल तर कायदा वेगळा, १९६० चा, आणि कार्यालयही वेगळं. आधी ते विचारा.

दुसरी चूक सिमेंटची. गवंडी म्हणतो, ‘सिमेंट लाई टाका भाऊ, मंग काहीच व्हवाव नही.’ एका वाड्याच्या ओसरीला ओल आली म्हणून खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा मारला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल सहा फुटांवर गेली. मी गिलाव्यावर टिचकी मारली तर पोकळ आवाज. कोपरा उचकटला तर आतली वीट बोटाने भुकटी होऊन खाली आली, वर क्षारांचा पांढरा थर. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने तो रस्ता बंद केला, म्हणून ती वर चढली आणि आतून विटा खात गेली. ती भिंत मला वाचवता आली नाही, हे आजही सलतं.

कळीचा चुना मी दसऱ्याला भिजत घालतो, वर कायम पाणी ठेवतो आणि दिवाळीनंतर वापरतो. थापीवर लोण्यासारखा आला तरच घ्यायचा. चुन्याचं काम शिवरात्रीपर्यंत आटपायचं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गिलावा पकडायच्या आधीच सुकतो आणि तडकतो. तयार पाकिटातला चुना संध्याकाळी कालवून सकाळी लावणाऱ्याला मी काम देत नाही.

देवळाच्या दगडाला ऑइलपेंट नको. वाळूचा मारा करून दगड घासणं तर मुळीच नको.

आणि परवानगी येईपर्यंत गळतीचं काय? नाल्या साफ करणं कायद्याने बांधकामात मोजलं जात नाही. धाब्यावरचं गवत उपटा, पन्हळी मोकळ्या करा, वर ताडपत्री टाका. धाबं गळतं म्हणून मला बोलावतात तिथे कितीदा पन्हळच बुजलेली असते.