सेसना आणि हिवाळा: कॅनडात उड्डाण शिकायला निघालेल्यांसाठी

मी ऑन्टारिओत हिवाळ्यात सेसना १७२ या छोट्या विमानावर उडायला शिकलो. महाराष्ट्रातून इकडे सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो, की बर्फाच्या वजनापेक्षा त्याच्या खरखरीतपणाची भीती बाळगा. पंखावर जाड सँडपेपरइतका बर्फ धरला तरी लिफ्ट (विमानाला वर उचलणारं बल) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मग पाठ केलेला स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) उपयोगाचा राहत नाही. स्टॉलचा भोंगा वाजायच्या आधीच विमान पडू शकतं.

ढगातले थेंब शून्याखालीही बऱ्याचदा पाणीच असतात, विमानावर आपटले की गोठतात. शून्य ते उणे २० अंशांमधले ढग म्हणूनच टाळायचे. गोठता पाऊस त्याहून वाईट. १७२ मध्ये पिटो हीट (वेग मोजणारी नळी गरम ठेवायची सोय) असते, काचेवर थोडी गरम हवा येते. पंखावरचा बर्फ काढायला काहीच नाही. अशा वेळी विमानाचं हँडबुक फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) न उघडता जास्त वेगाने उतरायला सांगतं, आणि जमलं तर खिडकी उघडून समोरची काच खरवडायला. यावरून ओळखा, हे विमान त्या हवेसाठी बनवलेलंच नाही.

सकाळी पंखावर दिसणारा पातळ फ्रॉस्टही (गोठलेला पांढरा थर) पूर्ण पुसा. १० मार्च १९८९ ला याच ऑन्टारिओतल्या ड्रायडनमध्ये पंखांवर बर्फ असताना उडालेलं फोकर एफ-२८ कोसळलं, २४ माणसं गेली. तेही दोन इंजिनांचं जेट होतं.

कार्ब्युरेटरमधला (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला) बर्फ तर बारामतीच्या पावसाळी हवेतही धरू शकतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा वीसेक अंशांनी थंड होते. सेसना १५२ आणि जुन्या १७२ मध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरू लागला की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा. बर्फ वितळताना इंजिन आणखी खडखडतं. नवखा तिथेच घाबरून हीट बंद करतो. करू नका, वितळू द्या.

व्हिसाची मुदत, फीचे पैसे, मागे पडलेले तास, सगळं डोक्यात असतं, मला माहीत आहे. तरी जीएफएच्या (कॅनडातल्या वैमानिकांसाठीच्या हवामान अंदाजाच्या) आइसिंग नकाशात तुमच्या उंचीवर बर्फ दिसला, तर सॉर्टी (त्या दिवशीचं उड्डाण) रद्द करा. वर असताना पंखाच्या कडेला पांढरं दिसू लागलं, तर लगेच आलात तिकडे वळा आणि कंट्रोलरला स्पष्ट सांगा, बर्फ धरतोय.