ऑक्सिजन सेन्सरचा हीटर कोड: सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०१३५ हा कोड दाखवतो आणि लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, मागवला जातो. तो बसवून कोड पुसला की थोडे दिवस बरे जातात, मग दिवा पुन्हा हजर. कारण 'सेन्सर गेला' असं हा कोड म्हणतच नाही. सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सांगतोय. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, वायर आणि त्या जोडणारे कपलर आहेत, स्वतः ईसीयू आहे. सेन्सरमधला हीटर हा त्यातला फक्त एक भाग.

झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय भरवशाचा सिग्नल देत नाही. नुसत्या धुराच्या उष्णतेवर तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर दिलेला असतो. तो बंद पडला तर गाडी चालते, पण थंड इंजिन सुरू केल्यावर ईसीयूला जास्त वेळ अंदाजाने पेट्रोल सोडावं लागतं. ॲव्हरेज पडतं, धूर वाढतो.

कोड अर्धवट वाचणे

पी०१३५ म्हणजे बँक (सिलिंडरची ओळ) १, सेन्सर १. पी०१४१ म्हणजे त्याच बँकेचा सेन्सर २. दुसऱ्या बँकेसाठी पी०१५५ आणि पी०१६१. ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर, ती बँक १. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा तो सेन्सर १, नंतरचा सेन्सर २. दोन ओळींच्या व्ही-इंजिनमध्ये इथे चूक झाली की चांगला सेन्सर निघतो आणि बिघडलेला जागेवरच राहतो.

पी०१३५ आणि पी०१४१ एकदम आले असतील तर दोन सेन्सर एकाच वेळी जळण्याची शक्यता फार कमी. दोघांना सप्लाय देणारा फ्यूज किंवा रिले आधी बघा. फ्यूज उडालेला सापडला तर नवा टाकून मोकळे होऊ नका. सेन्सरची वायर बहुतेकदा क्लिपमधून निसटून सायलेन्सरच्या पाइपला टेकलेली असते आणि तिथे तिचं आवरण वितळलेलं असतं. वायर पूर्ण लांबीभर हातात घेऊन, फिरवून बघा. वितळलेली बाजू पाइपकडे असते, वरून दिसत नाही.

नुसते व्होल्ट मोजून 'सप्लाय ठीक आहे' म्हणणे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया घालवणारी चूक हीच. कपलर काढला, मल्टीमीटर लावला, १३.५ व्होल्ट दिसले की लोक पुढे जातात. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरची एकच तार उरली असली किंवा पिनवर हिरवा गंज चढला असला तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो.

समजा गार हीटरचा रेझिस्टन्स ९ ओहम आहे. १३.५ व्होल्टवर तो दीड अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे २० वॉट. आता गंजलेल्या पिनने ४ ओहमची भर घातली. करंट एक अँपिअरच्या आसपास येतो, हीटरच्या वाट्याला सव्वानऊ-साडेनऊ व्होल्ट उरतात आणि ताकद दहा वॉटच्या खाली जाते. ईसीयू कोड टाकणारच, आणि नवा सेन्सर लावला तरी टाकणार.

म्हणून लोड देऊन तपासा. १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब वायरिंगच्या बाजूच्या सप्लाय पिनला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, आणि पेटलेला असताना पिनवरचे व्होल्ट बॅटरीच्या जवळपास राहिले पाहिजेत. बल्ब मिणमिणला तर दोष वायरिंगमध्ये आहे.

कंट्रोल वायरला थेट अर्थिंग समजणे

बहुतेक गाड्यांत हीटरला सप्लाय फ्यूजमधून येतो आणि अर्थिंग ईसीयू कंट्रोल वायरमधून देतो, तेही चालू-बंद पल्सच्या रूपात. त्यामुळे इंजिन चालू असताना मीटरवर सहा-सात व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ती सरासरी आहे. ही तपासणी कपलर जोडलेला ठेवून, मागून बारीक पिन घालून करा. कपलर काढल्यावर सर्किट तुटलेलं दिसतं आणि काही ईसीयू कंट्रोलच बंद करतात. कोड आधीच साठलेला असेल तरी काही गाड्यांत तसं होतं. अशा वेळी कोड पुसून पुन्हा बघा. पण पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची साठवलेली नोंद, लिहून ठेवा. कोड आला तेव्हा इंजिन गार होतं की गरम, हे तिथेच कळतं आणि पुसलं की ती माहिती गेली.

थंड इंजिन सुरू केल्याबरोबर हीटर पूर्ण ताकदीने चालला नाही, तर तोही लगेच दोष नव्हे. पाइपमधलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकू नये म्हणून काही ईसीयू मुद्दाम थांबतात.

गरम सेन्सरचे ओहम मोजणे

हीटरचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. आत्ताच बंद केलेल्या गाडीवर घेतलेलं रीडिंग मॅन्युअलमधल्या गार सेन्सरच्या आकड्याशी जुळणारच नाही. सेन्सर पूर्ण निवू द्या. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर सहसा हीटरच्या असतात. त्या दोघींमध्ये मीटरने ओपन (जोड तुटलेला) दाखवलं तर हीटर तुटलाय. हीटरची वायर आणि सेन्सरची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी मिळाली तर शॉर्ट आहे. दोन्ही वेळा सेन्सर बदलावाच लागेल. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या) सेन्सरच्या हीटरला मात्र तपासण्यासाठी थेट बॅटरी जोडू नका, तो जळू शकतो.

सेन्सरच्या वायरला सोल्डर मारणे

बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या फटींतून आत मिळते. सोल्डर, ग्रीस किंवा क्लीनरचा स्प्रे तो रस्ता बंद करतो. मग हीटर सुधारतो आणि सिग्नल बिघडतो. जोड द्यायचाच असेल तर क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. बदली सेन्सरही त्याच गाडीच्या पार्ट नंबरचा घ्या. हीटरचे वॉट वेगळे असले की करंट वेगळा जातो आणि ईसीयू तो पकडतो.

काम झाल्यावर गरम गाडीची एक फेरी मारून ती परत देऊ नका. इंजिन रात्रभर निवू द्या, सकाळी सुरू करा आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर हीटरचा मॉनिटर, म्हणजे ईसीयूची स्वतःची तपासणी, पूर्ण झालेला दिसेपर्यंत चालवा.