एकाच पक्षाचा वरचष्मा असलेल्या राज्यातील विधानसभेचा निकाल कसा वाचावा

मतमोजणीच्या दिवशी आपल्या मराठवाड्यात पारावर, बसस्थानकावर आणि बाजार समितीच्या आवारात एकच प्रश्न फिरत असतो, तो म्हणजे कोणाच्या किती जागा आल्या. अटीतटीच्या लढतीत तेवढे पुरते. परंतु ज्या राज्यात एकच पक्ष वर्षानुवर्षे निवडून येत असतो, तिथला जागांचा आकडा जेवढे सांगतो त्याहून अधिक लपवतो, आणि म्हणून असा निकाल खालून वर, म्हणजे मतांपासून जागांकडे वाचावा लागतो.

प्रथम एका कागदावर सत्ताधारी पक्षाच्या जागा आणि त्याच्या मतांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहावी. आपल्याच राज्याचे उदाहरण घेऊ. १९६७ साली काँग्रेसने २७० पैकी २०३ जागा जिंकल्या आणि १९७२ साली २२२. फरक अवघा १९ जागांचा आहे, म्हणून दोन्ही निकाल सारखेच वाटतात. मते पाहिली की चित्र पालटते, कारण १९६७ मध्ये काँग्रेसला सुमारे ४७ टक्के मते होती, तर १९७२ मध्ये ५६ टक्क्यांच्या वर. पहिल्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार पक्षाच्या बाहेर होते; ती मते शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ आणि अपक्ष अशी विखुरली आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या नियमाने बाकीचे काम केले. दुसऱ्या निवडणुकीत मात्र बहुमत खरोखरच एका बाजूला होते. विरोधकांच्या फुटीवर उभे असलेले वर्चस्व आणि मतदारांच्या बहुमतावर उभे असलेले वर्चस्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यासमोर यांपैकी कोणती आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. गुजरातमध्ये २०२२ साली भाजपने १८२ पैकी १५६ जागा घेतल्या तेव्हा त्याची मते ५२ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे तो निकाल दुसऱ्या प्रकारातला ठरतो.

त्यानंतर पक्षाच्या आत पाहावे. बाहेर स्पर्धा उरली नाही की ती तिकीटवाटपात शिरते. महाराष्ट्राच्या १९८५ च्या विधानसभेने पाच वर्षांत वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री पाहिले. मधल्या काळात सार्वत्रिक निवडणूक झाली नाही, आणि चौघांपैकी दोघे आपल्या भागातले होते. म्हणून तिकीट न मिळाल्याने पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बंडखोर अपक्षांची मते ‘इतर’ या रकान्यात कधीही टाकू नयेत. त्यांची वेगळी बेरीज करावी.

आता मतदारसंघात उतरावे. इथे विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली काँग्रेसचे धीरज देशमुख लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले, पण दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता. तिथे ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मते होती. ती जागा भाजप-शिवसेना युतीत शिवसेनेला सुटली होती आणि भाजपच्या स्थानिक कार्यकर्त्यांत नाराजी होती. केवळ मताधिक्य वाचणाऱ्याने हा बालेकिल्ला अभेद्य मानला असता. २०२४ मध्ये भाजपचे रमेश कराड तिथून साडेसहा हजारांच्या फरकाने विजयी झाले. विरोधी मत नाहीसे झालेले नव्हते, त्याला त्या वेळी उमेदवार मिळालेला नव्हता.

हे गावपातळीवर पाहायचे असेल तर ‘फॉर्म २०’, म्हणजे मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता, मिळवावा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघनिहाय मिळतो. त्यात आडव्या ओळीत मतदान केंद्राचा क्रमांक, उभ्या रकान्यांत उमेदवार आणि शेवटाकडे ‘नोटा’ अशी मांडणी असते. गावाचे नाव बहुधा नसते, म्हणून मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवावी लागते. मी पेन्सिलने प्रत्येक ओळीत सर्वांत मोठ्या दोन आकड्यांखाली रेघ मारतो आणि दोहोंत पन्नासाहून कमी फरक असेल त्या केंद्राभोवती गोल करतो. मग ते गोल जिल्हा परिषदेच्या गटांप्रमाणे मांडले की एकतर्फी म्हणून सांगितलेल्या मतदारसंघातही दोन-तीन गट काठावर असल्याचे ध्यानात येते. केंद्रांची बेरीज एकूण मतांशी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये. टपाली मते खाली स्वतंत्र दाखवलेली असतात. अनामत रकमेचा हिशोब करताना ‘नोटा’ वगळून उरलेल्या वैध मतांचा एक षष्ठांश काढावा, कारण त्याहून अधिक मते मिळाली तरच रक्कम वाचते.

सभागृहातील परिणाम थोडक्यात तपासता येतो. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश सदस्यसंख्येचा संकेत धरला जातो, म्हणजे २८८ च्या सभागृहात २९. २०२४ मध्ये विरोधकांतील सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या.

जुन्या निकालाशी तुलना करताना मतदारसंघाची हद्द आधी पाहावी. विलासराव देशमुख १९९५ मध्ये जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून हरले तो लातूर मतदारसंघ आणि आजचे लातूर शहर व लातूर ग्रामीण यांची हद्द एक नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच्या हद्दी २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाल्या, तेव्हा केंद्रनिहाय तुलना त्या वर्षापासूनच सुरू करावी.