पहिली क्रिट रेस: पायात दम असूनही मागे पडताय? या चुका टाळा

पाम बीच रोडवर सायकलने वाशी ते बेलापूर ताशी ३४ किलोमीटरचा ॲव्हरेज आरामात काढणारा गडी सायकलच्या क्रिट शर्यतीत दहा-पंधरा मिनिटांतच मागे पडतो, हे नवी मुंबईत नवं नाही. ठाण्याहून येणाऱ्यांचंही तेच. येऊरचा चढ नित्याचा, दमसास भरपूर, तरी चार-पाच लॅपमध्ये घोळका निघून जातो. मग खापर फुटतं सायकलवर, नाहीतर कार्बनची चाकं नसल्यावर. बहुतेक वेळा घोडं वळणावर अडलेलं असतं. क्रिट म्हणजे एक-दोन किलोमीटरचा बंद रस्ता आणि त्यावर गरगर फेऱ्या. पाम बीच सरळसोट. तिथे कितीही घाम गाळा, वळायची सवय होत नाही.

शेपटीला बसून ताकद वाचवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती शहाणपणाच्या नावाखाली होते. दुसऱ्याच्या चाकामागे वारा कमी लागतो, श्रम बरेच वाचतात, हे खरंच. पण त्याचा खरा फायदा टिकतो तो घोळक्याच्या पुढच्या भागात. वळण आलं की पहिला जेमतेम ब्रेकला हात लावतो, त्याच्या मागचा जरा जास्त दाबतो, आणि शेवटच्यापर्यंत पोचेतो सगळं रांगायला लागतं. तोवर पुढचे वळून पसारही झालेले असतात.

हिशेब करून बघा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो. वेग ताशी २८ वरून ३८ वर न्यायला साधारण २,००० ज्यूल लागतात. ते आठ सेकंदांत करायचं तर नेहमीच्या जोरावर आणखी २५० वॅट. दीड किलोमीटरची, चार वळणांची फेरी धरली तर ४० मिनिटांत हे साठेक वेळा. पुढचे जवळपास एकाच लयीत चालवत असतात आणि शेपटीचा बिचारा साठ स्प्रिंट मारत असतो!

उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक सरळ पट्ट्यावर एक-दोन जणांना मागे टाकत राहा. नुसतं जागेवर राहायचं म्हटलं तरी आपण आपोआप मागे सरकतो. ही पुढे सरकण्याची हौस वळणात मात्र नको.

वळणात शिरल्यावर ब्रेक

नवखा माणूस लांबूनच ओळखू येतो. हात हूडवर (ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी पकडीवर), बोटं ब्रेकवर आवळलेली, नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर. वळणात सायकल झुकते आणि हा घाबरून पेडल मारत राहतो. आतल्या बाजूचं पेडल डांबराला घासतं, खर्रकन आवाज होतो, मागचं चाक वीतभर बाजूला उडतं आणि मागून चार जण एकदम ओरडतात.

ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर. आतलं पेडल वर, बाहेरचं खाली आणि त्यावर वजन. नजर वळून जिथे बाहेर पडायचंय तिथे. सरावाला रिकाम्या मैदानात पाण्याच्या चार बाटल्या ठेवून चौकोन आखला तरी पुरतं.

व्हिडिओ बघून शिकलेल्यांची एक वेगळीच तऱ्हा. बाहेरून शिरायचं, आत कापायचं, पुन्हा बाहेर जायचं. एकटे असाल तर उत्तम. घोळक्यात मात्र त्याने शेजाऱ्याला आडवं जाणं होतं. ज्या रेषेत शिरलात त्याच रेषेत बाहेर या. आणि पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवून चालवू नका. तो जरा सरकला तर पडतो तो मागचाच.

टायर दगडासारखे भरणं

टायरवर छापलेला कमाल आकडा म्हणजे सल्ला नव्हे. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर फार टणक टायर उड्या मारतो आणि नेमकी वळणात पकड सुटते. ७० किलोच्या माणसाला २५ मिमीच्या टायरमध्ये ८०-८५ पीएसआयच्या आसपास हवा ठीक. २८ मिमी असेल तर आणखी कमी. रेसआधी एक फेरी सावकाश मारा: बारीक खडी, ड्रेनेजचं झाकण, ओल्या पांढऱ्या पट्ट्या नेमक्या कुठल्या वळणावर आहेत ते बघून ठेवा.

बाकी किरकोळ, पण नडणारं

क्रिट पहिल्या मिनिटापासून फुल स्पीडने सुटते, म्हणून वीसेक मिनिटांचा वॉर्मअप हवाच. पण तो लांबवत बसलात तर स्टार्टला शेवटची रांग मिळते, म्हणजे पुन्हा तीच शेपटी. पोहे-बिहे दोन तास आधी. इथल्या दमट हवेत आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत राहा. रेसमध्ये एक बाटली बास, खिसाभर एनर्जी जेल कशाला? मधल्या बक्षिसाच्या स्प्रिंटची घंटा वाजली की सगळ्यांबरोबर उसळू नका. त्यानंतर घोळका क्षणभर सुस्तावतो, पुढे सरकायची संधी तेव्हाच.

हँडलबारच्या टोकांची बुचं घरीच तपासा. ती नसतील तर स्टार्टलाच अडवू शकतात, आणि अडवावंच. उघडी नळी पोटात घुसते. पंक्चर झाल्यावर एक फेरी माफ होते का आणि चाक बदलायची जागा कुठे आहे, हे आयोजकांना आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या काही लॅपमध्ये ही सवलत बंद असते.