गावाकडच्या कॅम्पसाठी पाणी आणि वीज वाचवणारे शॉवर निवडताना या चुका टाळा

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत कुळागरांच्या (पोफळी-माडांच्या बागांच्या) कडेला किंवा डोंगराच्या पायथ्याशी तंबूंचा कॅम्प काढणारे अनेक जण तंबू, जेवण आणि पायवाटा यांचा नीट विचार करतात. न्हाणीघरांचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात, दुकानात उभे राहून होतो. तेच ते दोष मग पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. त्यांतले बहुतेक दोष शॉवर विकत घेण्याच्या आधीच घडून गेलेले असतात.

डब्यावरचा आकडा आपल्या टाकीला लागू होतो असे मानणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाणी वाचवणाऱ्या शॉवरच्या डब्यावर ‘मिनिटाला ८ लिटर’ असे लिहिलेले असते, आणि तो आकडा पुष्कळदा ३ बार दाबासाठी असतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे सुमारे १ बार. टाकी शॉवरच्या तोंडापेक्षा २ मीटरच वर असेल तर दाब फक्त ०.२ बार मिळतो. आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तोच शॉवर मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. एवढ्याशा धारेत डोक्याचा साबणही निघत नाही.

सत्तरीतील एका कॅम्पवर नेमके हेच घडले. मालकाने सगळ्या न्हाणीघरांसाठी एकाच प्रकारचे महागडे शॉवर आधीच आणून ठेवले होते, आणि टाकी जांभ्या दगडाच्या बुटक्या चौथऱ्यावर बसवली होती. पाहुण्यांच्या तक्रारी येऊ लागताच प्रेशर पंप लावला गेला. तरी धार मनासारखी येईना, म्हणून कामगाराने शॉवरमधली प्रवाह रोखणारी चकती काढून टाकली. त्यानंतर पाणी इतके वाहू लागले की जुन्या साध्या शॉवरलाही तेवढे लागले नसते. नळ उघडला की पंप सुरू, वीज गेली की सगळी न्हाणीघरे कोरडी, आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला गेल्यावर बादलीत गढूळ पाणी. पाणी वाचवण्यासाठी घेतलेली वस्तू पाणी आणि वीज दोन्ही खाऊ लागली, याचे कारण शॉवर निवडण्याआधी कोणीही दाब मोजला नव्हता.

उपाय मात्र कुळागराच्या मागेच उभा होता. आपली बहुतेक कुळागरे खोलगट भागात असतात आणि त्यांना लागून चढण असते. टाकी त्या चढणीवर, शॉवरच्या १० ते १२ मीटर वर नेली, विहिरीवरचा पंप दिवसातून एकदाच टाकी भरण्यासाठी ठेवला, खाली येणारी मुख्य नळी रुंद घेतली आणि कमी दाबावर चालणारे शॉवर बसवले. आता वीज नसतानाही धार सारखीच राहते. उंची मोजायला महागडे साधन लागत नाही. गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पाण्याची नळी घेऊन टप्प्याटप्प्याने चढण मोजता येते.

माझी सवय सांगतो. एकच शॉवर नमुन्यादाखल आणावा, तो बसवून शेजारचे दोन नळ उघडे ठेवावेत आणि १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ६०० ला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाचे लिटर निघतात. ५ ते ७ लिटर मिळत असतील तरच उरलेले शॉवर घ्यावेत. हा अर्धा तास वाचवण्याची ज्यांना घाई असते, त्यांचेच पुढे महिनोन्महिने पाहुण्यांशी वाद होतात.

गरम पाण्याचे स्रोत ऋतू आणि वेळ न पाहता ठरवणे

कॅम्पवरचे सगळे पाहुणे संध्याकाळी एकदमच अंघोळीला येतात. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर पाण्याचे तापमान १५ अंशांनी वाढवायचे असेल तर मिनिटाला सुमारे ३ लिटरच देऊ शकतो, आणि गावात व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरले की त्याची ताकद तीन चतुर्थांशच उरते. त्यामुळे साठवणीची, जाड आवरण असलेली टाकी अधिक चांगली. सौर बंबात दिवसभर तापलेले पाणी संध्याकाळी हाताशी असते, म्हणून पावसाळा सोडून तो उत्तम चालतो. मात्र तो माड-पोफळींच्या सावलीत बसवला तर उपयोग नाही, आणि माडाखाली बसवला तर झावळी किंवा नारळ पडून काचेच्या नळ्या फुटतात. जून ते सप्टेंबर दुसरी सोय लागतेच. दूधसागरच्या परिसरातून भिजून आलेल्या माणसाला गरम पाणी नेमके तेव्हाच हवे असते. जिथे लाकूड सहज मिळते तिथे भाण (चुलीवर पाणी तापवायचे मोठे भांडे) किंवा लाकडावरचा बंब ठेवण्यात कमीपणा मानू नये.

गरम पाण्याच्या टाकीपासून न्हाणीघर जितके दूर, तितके पाणी वाया जाते. आतून १५ मिलिमीटर रुंद आणि २० मीटर लांब नळीत साडेतीन लिटर थंड पाणी अडकलेले असते, आणि प्रत्येक पाहुणा ते आधी गटारात सोडतो. गरम पाण्याची टाकी न्हाणीघरांच्या भिंतीलाच लागून असावी आणि तिथपासूनची नळी आवरणात गुंडाळलेली असावी.

थोडक्यात आणखी काही

गॅसचा गिझर बंद न्हाणीत कधीही लावू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. शिवाय कमी दाबाच्या पाण्यावर तो पेटतही नाही.

दाबून सोडायचे, आपोआप बंद होणारे नळ चांगलेच, परंतु विहिरीतला गाळ त्यांत अडकतो. आधी गाळणी बसवावी आणि ती दर पंधरवड्याला धुवावी.

मोठ्या तबकडीचे ‘रेन शॉवर’ कमी दाबावर नुसते ठिबकतात.

विजेच्या गिझरला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवाच. त्यात काटकसर करू नये.

साबणाचे पाणी विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला, केळीच्या आळ्यात सोडावे. जांभ्या दगडातून पाणी फार लवकर झिरपते, आणि ज्या विहिरीवर पुढच्या पाहुण्यांची अंघोळ अवलंबून आहे तिच्यातच ते परत जाऊ शकते.